भर उन्हात सायकल चालवताना आर्म स्लीव्ह्ज: खरंच उपयोग होतो का?

चढणवाट

नमस्कार मंडळी,

सकाळी कितीही लवकर निघालं तरी लांबच्या राइडमध्ये परतीच्या टप्प्यात ऊन गाठतंच. पाय फिरत असतात, डोक्यावर हेल्मेट असतं, पाठीवर जर्सी असते. हात मात्र हँडलबारवर एकाच जागी असतात आणि मनगटापासून कोपरापर्यंतची वरची बाजू सगळा वेळ सूर्याकडे. सनस्क्रीन लावतो, पण घामाबरोबर ते ओघळतं आणि त्याच हाताने कपाळ पुसलं की डोळे चुरचुरायला लागतात.

म्हणून आर्म स्लीव्ह्ज, म्हणजे मनगटापासून दंडापर्यंत चढवायच्या सुट्या बाह्या, घ्यायचा विचार आहे. आमच्या गटात मात्र दोन तट पडलेत. काही जण छातीठोकपणे सांगतात की घातल्यावर उलट गार वाटतं. बाकीचे म्हणतात, उकाड्यात अंगावर आणखी कापड कशाला, हात उकडून निघतात. दोन्हीकडची मंडळी भरपूर सायकल चालवणारी आहेत, त्यामुळे कुणाचंच म्हणणं उडवून लावता येत नाही.

अनुभव लिहाच, पण असं का होतं तेही कुणाला ठाऊक असेल तर सविस्तर सांगा.

दोन_चाकं

बिनधास्त घ्या. सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं वाटतं, मग विसरायला होतं. हात रापायचे थांबतात हा तर फायदा आहेच, शिवाय रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांचे ओरखडे आणि चिलटं यांच्यापासूनही सुटका होते.

पाठवारा

चांगला विषय काढलात. गटातले दोन्ही तट बरोबर असू शकतात. कारण लिहितो, जरा लांबेल.

सायकल चालवताना उष्णता दोन बाजूंनी येते, आतून आणि बाहेरून. आतली जास्त. पायांनी पेडलला १५० वॅट द्यायचे तर शरीर त्याच्या चार-पाचपट ऊर्जा जाळतं आणि उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच राहते, म्हणजे साधारण ४५० ते ६०० वॅट. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे महत्त्वाचं. टपकून रस्त्यावर पडलेल्या घामाचा थंडाव्यासाठी काही उपयोग नाही.

बाहेरून येते ती उन्हाची उष्णता. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १,००० वॅट पडतात. उघड्या हातांच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा येतो, पण तो थेट कातडीवर येतो. चटका बसतो तो याचा.

आता स्लीव्ह चढवली की तीन गोष्टी एकदम होतात. ऊन कातडीऐवजी कापडावर पडतं. घाम थेंब होऊन ओघळण्याऐवजी कापडात पसरतो, त्यामुळे वाळायला जास्त जागा मिळते. या दोन झाल्या फायद्याच्या. तिसरी तोट्याची: कातडी आणि वारा यांच्यामध्ये एक थर येतो. फायदा मोठा की तोटा, हे हवा किती कोरडी आहे आणि वारा किती लागतोय यावर ठरतं. कोरड्या हवेत, सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जात असाल तर सेकंदाला जवळजवळ सात मीटर वेगाचा वारा हातावरून जातो. ओलं कापड झपाट्याने वाळत राहतं आणि गार वाटतं. ‘उलट गार वाटतं’ म्हणणारे बहुधा याच परिस्थितीत सायकल चालवतात.

आणखी एक. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा थंडावा देण्याऐवजी उष्णता आणून देतो. अशा वेळी उघड्या कातडीवर ‘वारा लागू दे’ म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. वाऱ्याचं काम तेव्हा एकच, घाम वाळवणं. ते कापडावरूनही होतं.

खारा_वारा

मी दुसऱ्या तटातला, म्हणून लिहितो.

समुद्रकाठच्या दमट हवेत सायकल चालवतो. इथे स्लीव्ह्ज घातल्या की थोड्याच वेळात चिंब होतात आणि तशाच राहतात. वाळायचं नावच नाही. चढावर तर असह्य होतं. हाताला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटत राहतं, तेही कोमट. कोपराच्या खोबणीत घामोळं येतं ते वेगळंच.

त्यामुळे ‘बिनधास्त घ्या’ हा सल्ला सरसकट देऊ नये.

पाठवारा

@खारा_वारा, तुमचं शंभर टक्के पटतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम कातडीवरूनही वाळत नाही आणि कापडावरूनही नाही. मग स्लीव्हचा थंडावा संपतो आणि उरतो फक्त मधला थर.

चढाचं तुम्ही लिहिलंत तेही नेमकं आहे. चढावर कष्ट सर्वांत जास्त आणि वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर आलेला. म्हणजे आतली उष्णता कमाल आणि वारा किमान. त्यात मागून वारा असेल आणि त्याचा वेग तुमच्याइतकाच असेल तर अंगाला हवा लागतच नाही. कोरड्या हवेतही अशा जागी स्लीव्ह्ज नकोशा होतात. मोठा चढ सुरू व्हायच्या आधी थांबून त्या मनगटापर्यंत खाली सरकवायच्या आणि माथ्यावर पुन्हा वर घ्यायच्या, हे मी नेहमी करतो. थांबून, हे मुद्दाम लिहितोय. चालत्या सायकलवर दोन्ही हात सोडून बाह्या ओढणारे दिसतात, त्यांचं बघून जीव वरखाली होतो.

ताणाबाणा

कापड तपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून कापडाच्या बाजूने लिहिते.

पाकिटावर ‘यूपीएफ ५०’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आरपार जातो. कपड्यांना असा आकडा देण्याची पद्धत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रुजली. त्यांचं संयुक्त मानक १९९६ साली आलं. ‘५०+’ हा त्यातला सर्वांत वरचा शिक्का. साध्या पातळ पांढऱ्या सुती टीशर्टचा आकडा बऱ्याचदा दहाच्याही खाली असतो आणि तो घामाने भिजला की आणखी घसरतो. कापसाचा धागा ओला झाला की प्रकाश अधिक आरपार सोडतो, म्हणून भिजलेल्या टीशर्टातून अंग दिसतं. अतिनील किरणांचंही तेच.

पॉलिस्टरचं तसं नाही. त्याच्या रेणूंची रचनाच अशी असते की यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतले त्वचा भाजणारे किरण, त्यात बऱ्यापैकी शोषले जातात. नायलॉनमध्ये हा गुण कमी, म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखी द्रव्यं मिसळतात. पण धागा कुठलाही असो, सर्वांत मोठा फरक पडतो तो विणीच्या दाटपणाने. किरण भोकांतून येतात.

इथेच बहुतेकांची निवड चुकते. ही तपासणी साधारणपणे कापड न ताणता केली जाते. स्लीव्ह मात्र आपण ताणूनच घालतो. दंड भरदार आणि स्लीव्ह एक माप लहान असेल तर वीण उघडते आणि पाकिटावरचा आकडा पाकिटावरच राहतो. घरच्या घरी बघायचं असेल तर स्लीव्ह हातावर चढवा, कोपर वाकवा आणि खिडकीच्या उजेडात कोपराच्या टोकावर नीट बघा. कातडीचा रंग वीणीतून डोकावत असेल तर मोठं माप घ्या किंवा दुसरं कापड बघा. काही स्लीव्ह्जना काखेकडच्या बाजूला जाळीचा पट्टा असतो. तो हवेशीर असतो, पण घालताना स्लीव्ह फिरली आणि जाळी वरच्या बाजूला आली तर ऊन थेट आत. शिवण हाताच्या खालच्या बाजूला आहे ना, एवढं पाहून निघावं.

चढणवाट

@पाठवारा, @ताणाबाणा, मनापासून आभार. असंच सविस्तर हवं होतं.

रंगाचं काय? काळ्या स्लीव्ह्ज ऊन शोषतात म्हणून टाळाव्यात असं वाटतं. पण गडद रंगाचं संरक्षण जास्त असतं असंही कानावर आलंय.

ताणाबाणा

दोन्ही खरं आहे, कारण ते दोन वेगवेगळ्या किरणांबद्दल आहे.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के. उरलेली जवळजवळ सगळी दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण यांची. त्वचा भाजणं, काळवंडणं, सुरकुतणं हे मुख्यत्वे त्या ५ टक्क्यांचं काम. गरम होणं मात्र उरलेल्या ९५ टक्क्यांचं. त्यामुळे यूपीएफचा आकडा पाहून स्लीव्ह गार राहील की नाही हे कळत नाही. तो आकडा त्याबद्दल बोलतच नाही. सारख्याच कापडात गडद रंगाला यूपीएफ सहसा जास्त मिळतो आणि तोच रंग दृश्य प्रकाशही जास्त शोषतो, म्हणून तापतो.

काळ्या कपड्यांचा विषय निघाला की वाळवंटात राहणाऱ्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. त्यावर १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळा झगा जास्त उष्णता शोषत होता, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच वाऱ्याने निघून जात होती. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात माणसाला मिळणारी उष्णता सारखीच निघाली. पण तो झगा सैल होता, मध्ये हवा खेळत होती. स्लीव्ह कातडीला चिकटलेली असते. त्यामुळे झग्याचा निष्कर्ष स्लीव्हला लावता येत नाही.

माझा सल्ला: पांढरी किंवा फिकी, दाट विणीची, पॉलिस्टर आणि इलॅस्टेनची (म्हणजे ताणल्या जाणाऱ्या धाग्याची), ५०+ शिक्क्याची. वीण दाट असेल तर फिका रंगही पुरतो.

सावलीशोध

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि सुट्टीच्या दिवशी सायकलही चालवते, त्यामुळे राहवत नाही.

सनस्क्रीनबद्दल आधी. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा, मिळतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर दिला तर. एका अख्ख्या हाताला चहाचा एक चमचाभर लागतं. बहुतेक लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात. वर दर दोन तासांनी, आणि भरपूर घाम आला तर त्याआधीच, पुन्हा लावायचं असतं. धुळीने माखलेल्या, घामट हातांवर रस्त्याकडेला उभं राहून हे किती जण करतील? कापडाचं संरक्षण दोन तासांनी उतरत नाही. म्हणूनच उन्हाची ॲलर्जी असलेल्या, त्वचेवर कोड असलेल्या माझ्या रुग्णांना मी आधी कापड सांगते आणि कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन.

‘मी भाजत नाही, फक्त काळा पडतो’ हे वाक्य रोज ऐकते. भाजणं हे प्रामुख्याने यूव्हीबीचं काम. यूव्हीए हा अतिनील किरणांचा दुसरा प्रकार अधिक खोल जातो, भाजल्याचं जाणवूही देत नाही आणि त्याचा परिणाम वर्षानुवर्षं साचत राहतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं तो गाडी चालवत होता. खिडकीकडच्या, म्हणजे डाव्या गालावर जाड सुरकुत्या आणि घड्या. उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण. काचेतून यूव्हीबी फारसं येत नाही, यूव्हीए येतं. सायकलवाल्याला तर काचही नसते.

कर्करोगाचं नाव काढून घाबरवायचं नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच सूर्यप्रकाशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हा धोका बराच कमी असतो. शून्य नसतो.

औषधं घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल, किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, तर नेहमीचं ऊनही जास्त भाजतं. औषध आपल्या मनाने बंद करू नका. हात झाका आणि डॉक्टरांना विचारा.

आता ऊन ‘कडक’ कधी, याबद्दल. उकाडा आणि अतिनील किरण एकत्र वर-खाली होत नाहीत. अतिनील किरण सूर्य माथ्यावर असताना सर्वांत तीव्र असतात, तर हवा सर्वांत जास्त तापते त्यानंतर दोन-तीन तासांनी. संध्याकाळी हवा भट्टीसारखी असली तरी अतिनील किरण उतरलेले असतात. उलट उंच डोंगरावर गार वारा सुटलेला असतो, ऊन जाणवतही नाही आणि नेमके तिथेच लोक भाजून येतात. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. हवामानाच्या अंदाजात यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिलेला असतो. तो ३ किंवा जास्त असेल तर हात झाका. ८ च्या वर असेल तर भर दुपारी बाहेर पडूच नका असं मी सांगेन. फोन जवळ नसेल तर स्वतःची सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत असं समजायचं.

मधला_गियर

सावलीशोध, सावलीची खूण एकदम कामाची! आजपासून वापरणार.

मापाबद्दल लिहितो, कारण स्लीव्ह्ज घेऊन कपाटात पडून राहण्याचं खरं कारण तेच असतं. शरीराचं किंवा जर्सीचं माप बघून स्लीव्ह घेऊ नका. दंडाच्या मधोमध टेप लावा, स्नायू सैल ठेवून, आणि त्या घेराप्रमाणे घ्या. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं.

वरच्या टोकाला आतून सिलिकॉनचा पट्टा असतो. खाली घसरू नये म्हणून तो हवाच, पण त्याखाली घाम वाळत नाही आणि दिवसभरात कातडी लाल होते. ज्यांना तो काचतो त्यांनी पट्ट्याऐवजी नुसती रुंद दुमड असलेली स्लीव्ह बघावी. काढल्यावर दंडावर उठलेला वळ थोड्या वेळात जायला हवा. तो बराच वेळ राहत असेल, किंवा चालवताना बोटांना मुंग्या येत असतील, हात सुजल्यासारखा वाटत असेल, तर स्लीव्ह लहान आहे.

लांबी तपासायची ती हात खाली सोडून नाही. सायकलवर बसा, हात पुढे हँडलबारवर ठेवा. खांदा आणि कोपर पुढे गेले की मनगटाशी स्लीव्ह दोन बोटं मागे सरकते. ग्लोव्ह संपतो तिथून स्लीव्ह सुरू होते तिथपर्यंत उघडी राहिलेली जागा अशी भाजते की मनगटात लाल बांगडी घातल्यासारखी दिसते. अंगठ्यासाठी भोक असलेली स्लीव्ह घेतली तर हा प्रश्न मिटतो, तळहाताची मागची बाजूही झाकली जाते. मात्र ग्लोव्हच्या आत दुमड आली तर हँडलवर ती टोचते. आधी स्लीव्ह, मग त्यावर ग्लोव्ह, आणि दुमड हाताने सपाट करून घ्यायची.

वरच्या बाजूला स्लीव्हचं टोक जर्सीच्या बाहीच्या आत किमान चार बोटं जायला हवं. नाहीतर दंडावर दुसरी बांगडी.

नवखी_सायकलवाली

मी मनगटावर घड्याळ वापरते, हृदयाचे ठोके दाखवणारं. स्लीव्हवरून बांधलं की आकडे भलतेच येतात. काय करावं?

मधला_गियर

@नवखी_सायकलवाली, त्या घड्याळाच्या पाठीमागचा दिवा कातडीवर प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे मध्ये कापड चालत नाही. घड्याळ कातडीवर बांधा आणि स्लीव्ह त्याच्या वरच्या कडेपर्यंत आणा. घड्याळ आणि ग्लोव्ह यांच्यामधल्या पट्टीला तेवढं सनस्क्रीन. छातीचा पट्टा वापरत असाल तर हा प्रश्नच येत नाही.

लांबपल्ला

अजून कुणी पाण्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो.

रखरखीत कोरड्या उन्हात मी स्लीव्ह्ज घालतो ते निम्मं पाण्यासाठी. उघड्या हातावर पाणी ओतलं तर ते वाहून जातं. स्लीव्हवर ओतलं तर थांबतं आणि वाळताना तेच काम करतं जे घाम करतो, आणि शरीराला तेवढा घाम कमी गाळावा लागतो. ओतायचं दंडापासून खाली. हात हँडलवर असताना मनगट खाली असतं, त्यामुळे पाणी आपोआप मनगटाकडे पसरतं. एकदम बाटली उपडी करायची नाही. कापड ओलसर व्हावं, टपकू नये. टपकलं ते वाया गेलं. उष्ण भागातल्या लांब शर्यतींत धावपटू तर स्लीव्हमध्ये बर्फ भरून धावतात आणि सायकल शर्यतींत बर्फ भरलेले पातळ मोजे मानेमागे जर्सीत टाकतात.

एक नियम मात्र कडक पाळायचा. दोन बाटल्या असतील तर एकीत नुसतं पाणी, दुसरीत क्षार किंवा साखर घातलेलं. ओतायचं ते साध्या पाण्याच्या बाटलीतून, आणि पिण्यापुरतं पुढच्या पाणी भरायच्या जागेपर्यंत उरणार असेल तरच. पाणी कमी असेल तर ते पोटात जायला हवं. गोड पाणी स्लीव्हवर सांडलं तर दिवसभर हात चिकट राहतात.

खारा_वारा

माझा विरोध स्लीव्ह्जला नाही, त्यांच्यामुळे येणाऱ्या खोट्या भरवशाला आहे. कातडी भाजत नाही म्हटल्यावर माणूस आणखी तासभर उन्हात राहतो. भाजणारी कातडी निदान ‘घरी जा’ असं सांगत होती. तो इशारा बंद होतो आणि आत उष्णता साठतच राहते.

हातांची पूर्ण कातडी धरली तरी ती शरीराच्या एक पंचमांशाहून कमी. तेवढा भाग झाकून उष्माघात टळत नाही.

सावलीशोध

@खारा_वारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. या धाग्यातून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहावं. स्लीव्ह कातडी वाचवते. शरीराचं तापमान वाचवायचं काम वेळ, वेग, पाणी आणि सावली यांचं आहे.

दमट हवेबद्दल तुम्ही जे अनुभवाने सांगताय ते मोजमापातही दिसतं. १९५०च्या दशकात अमेरिकन मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघात टाळण्यासाठी एक निर्देशांक तयार झाला. तो आजही खेळांत वापरतात. त्यात साध्या तापमापीच्या आकड्याला फक्त १० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के, आणि ओल्या फडक्याच्या तापमापीला ७० टक्के. म्हणजे घाम वाळेल की नाही यालाच सर्वांत मोठा मान. दमट हवेत ३२ अंशही कोरड्या हवेतल्या ३८ पेक्षा घातक ठरू शकतात.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. हंगामाच्या सुरुवातीला एकदम लांब राइड नको.

सोबतचा सायकलस्वार अडखळत बोलायला लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागला, चिडचिडा झाला, तोल जाऊ लागला, तर तो ‘दमला’ असं समजू नका. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलं आणि त्यासोबत मेंदूवर परिणाम दिसू लागला की तो उष्माघात. घाम येत असला तरीही. सावलीत आडवं करा, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, स्लीव्ह्ज काढा, रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट न बघता गार करायला सुरुवात करा. जवळ हौद किंवा टाकी असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत गार पाण्यात ठेवणं सर्वांत उत्तम. नसेल तर अंगभर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल किंवा गोंधळलेला असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दोन_चाकं

वाचून अंगावर काटा आला. गटाला पाठवतोय.

चढणवाट

एवढं सगळं वाचल्यावर माझं ठरलं. पांढऱ्या, अंगठ्याला भोक असलेल्या, दंडाचा घेर मोजून घेणार. कोरड्या दिवसांत सपाट रस्त्यावर वर, मोठ्या चढाला खाली. पावसाळ्याआधी हवा कोंदट होते तेव्हा स्लीव्ह्ज घालायच्या की पहाटे निघून ऊन चढायच्या आत परतायचं, हे त्या दिवशीचा यूव्ही निर्देशांक आणि दमटपणा बघून ठरवीन. बहुधा दुसरंच.

धुण्याबद्दल कुणी सांगेल का? जर्सीबरोबर मशीनमध्ये टाकल्या तर चालतील?

ताणाबाणा

चालतील, पण जाळीच्या पिशवीत घालून आणि गार पाण्यात. झिप असलेल्या कपड्यांबरोबर मोकळ्या टाकल्या तर धागे ओढले जातात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरायचा थांबतो. ड्रायर आणि इस्त्रीही नको, इलॅस्टेन उष्णतेने मरतं. क्लोरीनवालं ब्लीच तर मुळीच नाही. राइडवरून आल्या आल्या साध्या पाण्यात खळबळून काढल्यात तरी बराच मीठघाम निघतो. गोळा करून बॅगेत ठेवलेल्या स्लीव्ह्जना दुसऱ्या दिवशी जो वास येतो तो नंतर सहजी जात नाही. वाळत घालायच्या सावलीत.

दंडाजवळचा भाग सैल पडून स्लीव्ह घसरायला लागली, किंवा कोपरावर कापड चकचकीत आणि विरळ दिसायला लागलं, की बदला. वीण गेली म्हणजे संरक्षणही गेलं.

नवखी_सायकलवाली

ताणाबाणा, पायांसाठीही असंच काही मिळतं का? माझे गुडघ्याच्या वरचे भाग हातांपेक्षा जास्त भाजतात.

ताणाबाणा

मिळतं. कापडाचे निकष तेच, फक्त मांडीच्या घेराचं माप घ्या आणि पाय पूर्ण वाकवून गुडघ्यावर वीण उघडत नाही ना ते बघा. गुडघा दर फेरीला वाकतो, त्यामुळे तिथे एक माप मोठंच बरं. चढावर पायांना उकडतं हे हातांपेक्षा जास्त जाणवेल, कारण उष्णता तयार होते ती तिथेच. मी स्वतः मांडीवर सनस्क्रीनच लावते.